'फ्रुख्ट' या शब्दापाशी : याकोब ग्रिम यांचे जीवन

जर्मन भाषेत 'फ्रुख्ट' हे एक अगदी साधे नाम आहे. झाडाला येते ते फळ, हा त्याचा पहिला अर्थ. शेतात पिकणाऱ्या धान्यालाही ते लावतात, मातेच्या उदरातील गर्भालाही लावतात, आणि माणसाच्या श्रमातून जे निष्पन्न होते त्यालाही. आपल्या 'फळ' या शब्दाचा विस्तारही बराचसा असाच झालेला असल्याने भारतीय वाचकाला हा अर्थक्रम परका वाटणार नाही. १८६३ च्या सप्टेंबरात बर्लिन शहरी एका वृद्ध कोशकाराची लेखणी याच शब्दाच्या नोंदीत थांबली ती कायमची. ते कोशकार म्हणजे याकोब ग्रिम. जगभरची मुले त्यांना परीकथांचे संग्राहक म्हणून ओळखतात. भाषाशास्त्राचे अभ्यासक त्यांना एका ध्वनिनियमाचे प्रवर्तक म्हणून ओळखतात. परंतु त्यांच्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे ज्या कार्याने व्यापली, ते कार्य जर्मन शब्दांचे अर्थ आणि रूपे निश्चित करण्याचे होते, आणि ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही.

याकोब ग्रिम यांचा जन्म ४ जानेवारी १७८५ रोजी हानाउ या गावी झाला. धाकटे बंधू विल्हेल्म यांचा जन्म पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १७८६ रोजी झाला. वडील कायद्याचे पदवीधर होते. १७९१ मध्ये श्टाइनाउ येथे सरकारी अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब तेथे गेले. सुखवस्तू घर, प्रशस्त वाडा, भोवती बागा आणि शेते असे ते बालपण होते. १७९६ च्या जानेवारीत वडील अकस्मात वारले. सरकारी वाडा सोडावा लागला. अकरा वर्षांचा याकोब भावंडांत सर्वांत थोरला. घरच्या जबाबदारीचे भान त्याला त्या वयातच आले. आईची बहीण कासल येथील राजघराण्याच्या सेवेत होती. तिच्या आधाराने १७९८ मध्ये याकोब आणि विल्हेल्म कासलच्या शाळेत दाखल झाले. तेव्हापासून दोघे भाऊ एका खोलीत राहिले, एका टेबलावर अभ्यास करीत राहिले, आणि थोडे अपवाद वगळता हे सहजीवन एकसष्ट वर्षे टिकले. पुढे १८२५ मध्ये विल्हेल्म यांनी विवाह केला तेव्हाही घर वेगळे झाले नाही. याकोब अविवाहित राहिले आणि भावाच्याच संसारात राहिले.

१८०२ मध्ये याकोब मारबुर्ग येथे कायद्याच्या अभ्यासासाठी गेले. तेथे फ्रीडरिश कार्ल फॉन साविनी हे तरुण प्राध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले. कायदा हा कोणा राज्यकर्त्याच्या इच्छेने एका दिवसात घडत नाही. तो लोकांच्या जीवनातून हळूहळू वाढतो, आणि म्हणून त्याचा अर्थ कळण्यास त्याचा इतिहास पाहावा लागतो, ही साविनी यांची शिकवण होती. याकोब यांनी ती कायद्यापुरती ठेवली नाही. भाषेकडेही ते याच दृष्टीने पाहू लागले. १८०५ मध्ये साविनी यांनी त्यांना हस्तलिखितांच्या शोधकार्यात साहाय्यक म्हणून पॅरिसला बोलावून घेतले. जुन्या पोथ्या हाताळण्याची, त्यांतील अक्षरवळणे न्याहाळण्याची सवय त्यांना तेथे लागली. जुन्या जर्मन पोथ्यांत नामे सरसकट मोठ्या आद्याक्षराने लिहिलेली नसतात, ही गोष्ट पुढे त्यांच्या आयुष्यातील एका हट्टाचे मूळ ठरली.

१८०७ मध्ये नेपोलियनने कासल ही आपल्या धाकट्या भावाच्या, जेरोमच्या, नव्या राज्याची राजधानी केली. १८०८ च्या मे महिन्यात आई वारली. त्याच वर्षी याकोब यांना जेरोमच्या ग्रंथपालाची जागा मिळाली; परक्या राजाच्या पगारावर घर चालले. स्वभाषा आणि जुनी परंपरा यांचा ध्यास ज्या काळात बळावला, तो हा काळ होता. दोघा भावांनी जमविलेल्या लोककथांचा पहिला भाग १८१२ मध्ये आणि दुसरा १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील आवृत्त्यांचा भार विल्हेल्म यांनी वाहिला. १८५७ पर्यंत त्यांनी या कथांना पुनःपुन्हा घडविले. याकोब यांचे मन मात्र भाषेच्या घडणीकडे वळले होते.

१८१९ मध्ये त्यांच्या 'जर्मन व्याकरणा'चा पहिला खंड निघाला. ग्रंथ हातावेगळा होताच त्यांनी तो जवळजवळ समूळ पुन्हा लिहावयास घेतला, आणि १८२२ ची दुसरी आवृत्ती हा अक्षरशः नवा ग्रंथ झाला. डेन्मार्कचे रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये उत्तरेकडील भाषांच्या संबंधात जी व्यंजनसादृश्ये दाखविली होती, त्यांना याकोब यांनी एका व्यापक आणि नियमबद्ध परिवर्तनाचे रूप दिले. मूळ 'प' जर्मानिक भाषांत 'फ' होतो, 'त'चा 'थ' होतो, 'द'चा 'त' होतो, 'भ'चा 'ब' होतो. संस्कृत 'पशु' आणि जर्मन 'फीह', संस्कृत 'पितृ' आणि जर्मन 'फाटर', संस्कृत 'भ्रातृ' आणि जर्मन 'ब्रूडर' या जोड्या त्या नियमाने एका सूत्रात येतात. फ्रान्त्स बॉप यांनी १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक रूपांशी तुलना करून या अभ्यासाचा पाया घातला होता. नियमाला अपवाद उरले होते. 'पितृ' आणि 'भ्रातृ' यांतील 'त' मुळात एकच असता जर्मन भाषेत एका ठिकाणी 'ट' आणि दुसऱ्या ठिकाणी 'ड' का, याचे उत्तर कार्ल व्हेर्नर यांच्या १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दिले, आणि ते वैदिक संस्कृतातील स्वराघातावरून दिले. याकोब तोवर हयात नव्हते.

१८२२ च्या याच आवृत्तीत आणखी एक बदल होता आणि तो पान उघडताच डोळ्यांत भरे. जर्मन ग्रंथ त्या काळी गॉथिक वळणाच्या, टोकदार खिळ्यांत छापले जात आणि प्रत्येक नाम मोठ्या आद्याक्षराने लिहिले जाई. याकोब यांनी दोन्ही गोष्टी टाकल्या. टंक रोमन वळणाचा घेतला. मोठे आद्याक्षर विशेषनामांपुरते आणि परिच्छेदारंभापुरते राखले. 'फ्रुख्ट'सारख्या सामान्य नामाला त्यांच्या पानावर लहान 'एफ' मिळू लागला. देवनागरीत मोठ्या आणि लहान अक्षरांचा भेदच नसल्यामुळे हा वाद आपल्याला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. जर्मन वाचकाला तो तसा नव्हता. त्याच्या दृष्टीने मोठे आद्याक्षर हे नामाचे लक्षणच होऊन बसले होते. याकोब यांचे म्हणणे असे की, ही चाल सोळाव्या-सतराव्या शतकांत रुजलेली आहे. जुन्या कवींच्या पोथ्यांना ती ठाऊक नाही. लॅटिन भाषेने वा शेजारच्या फ्रेंचांनी ती घेतलेली नाही. तिने अर्थ स्पष्ट होत नाही, केवळ पान गजबजते. उच्चारात नसलेला 'एच' अनेक शब्दांत घालण्याची रीतही त्यांना निराधार वाटे. १८४७ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे जर्मन भाषेतील पंडिती काटेकोरपणावर त्यांनी व्याख्यान दिले, त्यातही हा विषय होता.

१८२९ च्या अखेरीस दोघे भाऊ ग्यॉटिंगेन येथे गेले. याकोब प्राध्यापक आणि ग्रंथपाल झाले. जुन्या जर्मन विधिपरंपरेवरील त्यांचा ग्रंथ १८२८ मध्ये निघाला होता. दैवतकथांवरील ग्रंथ १८३५ मध्ये निघाला. आयुष्य स्थिरावले असे वाटत असतानाच १८३७ साल उजाडले. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम त्या वर्षी वारला. इंग्लंडचे सिंहासन व्हिक्टोरियाकडे गेले. परंतु हानोव्हरच्या राज्यावर स्त्रीला अधिकार नसल्याने ते तिचे काका एर्न्स्ट आउगुस्ट यांच्याकडे आले. नव्या राजाने १८३३ ची राज्यघटना रद्दबातल ठरविली. सरकारी सेवकांनी त्याच घटनेशी निष्ठेची शपथ घेतलेली होती. १८ नोव्हेंबर १८३७ रोजी सात प्राध्यापकांनी निषेधपत्र दिले : आपण शपथेने बांधलेले आहोत, राजाने ती परस्पर मोडून आपणास मुक्त करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. सातांत याकोब आणि विल्हेल्म दोघेही होते. डिसेंबरात सर्वांना बडतर्फ करण्यात आले. याकोब, डाल्मान आणि गेर्विनुस या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडून जाण्याचा हुकूम झाला. याकोब कासलला परतले. आपल्या बडतर्फीची हकीकत त्यांनी लिहिली, ती १८३८ मध्ये बाझल येथे छापली गेली.

ज्याचे आयुष्य शब्दांचा इतिहास शोधण्यात गेले, त्याने दिलेल्या शब्दासाठी उपजीविका सोडली. या प्रसंगी याकोब यांच्या ठिकाणी क्रांतिकारकाचा आवेश नव्हता. ते प्रवृत्तीने जुन्याचे प्रेमी होते. पण शपथ हा त्यांच्या लेखी उच्चारापुरता शब्द नव्हता. अर्थ नाहीसा झाल्यावर शब्द तेवढा वापरीत राहणे त्यांना साधले नाही.

याच बेकारीच्या काळात, १८३८ मध्ये, लाइप्त्सिग येथील वाइडमान प्रकाशनगृहाचे कार्ल रायमर आणि सालोमोन हिर्त्सेल यांनी दोघा भावांपुढे एका महाकोशाची कल्पना मांडली. ल्यूथरपासून गटेपर्यंतच्या जर्मन वाङ्मयातील शब्द, त्यांची व्युत्पत्ती, त्यांचे अर्थ आणि ग्रंथांतील आधार असे त्याचे स्वरूप ठरले. मोजक्या खंडांत आणि थोड्या वर्षांत कार्य उरकेल अशी सर्वांची समजूत होती. ठिकठिकाणच्या विद्वानांनी ग्रंथ वाचून चिठ्ठ्या लिहून पाठवाव्यात, अशी व्यवस्था झाली. १८४० मध्ये प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म गादीवर आला. बेटिना फॉन आर्निम यांनी दोघा भावांसाठी रदबदली केली होतीच. १८४१ मध्ये दोघे बर्लिनला आले. उपजीविकेची चिंता मिटली.

कोशाचा पहिला भाग हाती पडण्यास मात्र १८५२ साल उजाडावे लागले. मध्यंतरी याकोब १८४८ च्या फ्रँकफुर्ट येथील राष्ट्रीय सभेत सदस्य म्हणून बसले होते. जर्मन भूमीवर कोणी दास असू शकत नाही, परदेशीय दासही तेथे पाय ठेवताच मुक्त होतो, असे कलम मूलभूत हक्कांच्या आरंभी असावे, ही त्यांची सूचना होती. ती मान्य झाली नाही. त्याच सभेत श्लेसविग-होल्स्टाइनच्या प्रश्नावर त्यांनी जर्मन पक्षाचा आवेशाने पुरस्कार केला, आणि त्याच वर्षीच्या आपल्या भाषेतिहासात गॉथ आणि गेटी हे लोक एकच होत असे प्रतिपादन केले. हे मत पुढील संशोधनाने ग्राह्य मानले नाही. स्वभाषेच्या प्रेमाने त्यांना दृष्टी दिली, तशी कधी कधी ती झाकोळूनही टाकली, हे त्यांच्या चरित्रकाराने नोंदविले पाहिजे.

कोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये पुरा झाला. त्याची दीर्घ प्रस्तावना याकोब यांची आहे. सामान्य गृहस्थाने सायंकाळी मुलांना जवळ घेऊन कोशातील शब्द वाचून दाखवावेत, असे चित्र त्यांच्या मनात होते. पण नोंदींची रचना पाहता या चित्राला एक अडचण होती. प्रत्येक शब्दाचा अर्थ प्रथम लॅटिन प्रतिशब्दाने दिलेला असे. साध्या वस्तूचे लांबलचक वर्णन करून काही उजेड पडत नाही. एक नेमका लॅटिन शब्द पुरे, आणि खरा अर्थ पुढे येणाऱ्या अवतरणांतून वाचकाला आपोआप कळेल, अशी त्यांची भूमिका होती. विद्वानाला ती सोयीची होती. लॅटिन न शिकलेल्या घराला नव्हती. डानिएल झांडर्स यांनी कोशावर कठोर टीका केली आणि पुढे स्वतःचा वेगळा जर्मन कोश सिद्ध केला.

लेखनपद्धतीचा प्रश्नही येथे पुन्हा उभा राहिला. जुन्या भाषेच्या आधारे लेखन समूळ सुधारावे, ही याकोब यांची इच्छा होती. पण साऱ्या राष्ट्रासाठी असलेल्या कोशात शब्द सापडावयाचे, तर ते रूढ स्थानीच ठेवावे लागतात. येथे त्यांनी तडजोड केली. सामान्य नामांचे लहान आद्याक्षर त्यांनी सोडले नाही. जर्मन लिपीतील विशिष्ट जोड 'एस'च्या जागी 'एस' आणि 'झेड' ही दोन अक्षरे त्यांनी योजली. रोमन टंक कायम ठेवला. अन्य बाबतींत ते बहुतांशी रूढीला शरण गेले. शपथेच्या बाबतीत न वाकलेला हा पुरुष शुद्धलेखनात वाकला, कारण शपथ त्याची एकट्याची होती आणि लेखन सर्वांचे होते.

ही तडजोड 'फ्रुख्ट' या शब्दाच्या बाबतीत विशेष बोलकी ठरते. जर्मन भाषेत 'फ' हा एकच उच्चार काही शब्दांत 'एफ'ने आणि काहींत 'व्ही'ने लिहितात. 'फाटर', 'फीह', 'फोल्क' हे शब्द 'व्ही'ने लिहिले जातात. 'फिश', 'फॉयर' हे 'एफ'ने. मध्ययुगीन पोथ्यांत 'फ्रुख्ट' हा शब्द 'व्ही'ने लिहिलेला आढळतो, आणि भगिनी असलेल्या डच भाषेत तो अजूनही 'व्ही'नेच लिहितात. जुन्या लेखनाचा आग्रह शेवटास नेला असता, तर हा शब्द वर्णक्रमात फार पुढे, कोशाच्या अखेरच्या खंडांत गेला असता आणि याकोब तेथवर पोहोचलेच नसते.

शब्दाची व्युत्पत्तीही लक्षणीय आहे. 'फ्रुख्ट' हे जर्मनांचे मूळ धन नव्हे. लॅटिन 'फ्रुक्टुस'वरून तो फार प्राचीन काळी जर्मन भाषेत आला. झाडावरील खाण्याच्या फळांना 'ओब्स्ट' हा देशी शब्द होता आणि आहे. पण पीक, उत्पन्न, फलित या विस्तृत अर्थासाठी लॅटिनचा पाहुणा शब्द घरचा झाला. व्यंजनपरिवर्तन घडून गेल्यानंतर तो आल्यामुळे याकोब यांच्या प्रसिद्ध नियमाची खूण त्याच्या आद्याक्षरावर उमटलेली नाही : लॅटिनचा 'फ' जर्मनमध्ये 'फ'च राहिला. ज्या मूळ धातूपासून लॅटिन शब्द निघाला, त्याचा खरा जर्मन वारस वेगळाच आहे. तो म्हणजे 'ब्राउखेन', उपयोग करणे, गरज असणे, हे क्रियापद. तेथे मूळ 'भ'चा नियमाप्रमाणे 'ब' झालेला दिसतो. उपभोग आणि उपयोग या एकाच कल्पनेची दोन रूपे अशी एका भाषेत दोन वाटांनी आली.

कोशकार्यात दोघा भावांनी वर्ण वाटून घेतले होते. 'डी' हा वर्ण विल्हेल्म यांनी पुरा केला. १६ डिसेंबर १८५९ रोजी ते वारले. एकसष्ट वर्षांचे सहजीवन संपले. अकादमीपुढे भावाविषयी बोलण्याचे कर्तव्य याकोब यांनी १८६० मध्ये पार पाडले आणि ते पुन्हा टेबलाशी बसले. 'ए', 'बी', 'सी' त्यांनीच केले होते. 'ई' पुरा केला आणि 'एफ' हाती घेतला. १८६२ मध्ये तिसरा खंड निघाला, त्यात 'एफ'चा काही भाग आला. वय सत्याहत्तर झाले होते. उरलेले वर्ण आपल्या हातून होणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. तरी एखादी नोंद आटोपती घेण्याकडे त्यांचा कल झाला नाही. १८६३ च्या सप्टेंबरात ते आजारी पडले, पक्षाघाताचा झटका आला, आणि २० सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. 'फ्रुख्ट'ची नोंद अपुरी राहिली. बर्लिनच्या संत मॅथ्यू दफनभूमीत भावाच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

कार्ल वायगान्ट यांनी ती नोंद पुरी केली आणि पुढचे शब्द हाती घेतले. रुडोल्फ हिल्डेब्रांट यांनी दुसरीकडून 'के' वर्ण उचलला. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. १९०८ मध्ये प्रशियाच्या अकादमीने कोशाचे पालकत्व घेतले. दोन महायुद्धे झाली, देशाचे दोन तुकडे झाले. तरी पूर्व बर्लिन आणि ग्यॉटिंगेन येथील कोशकार एकाच वर्णक्रमावर कार्य करीत राहिले. १९६१ च्या आरंभी अखेरचा भाग बाहेर पडला आणि ३२ भागांचा कोश पूर्ण झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहिली. ग्रिम बंधूंच्या हातचा जो सर्वांत जुना अंश, 'ए' ते 'एफ', त्याची नवी आवृत्ती १९६५ पासून निघू लागली. 'फ्रुख्ट' ही नोंद त्या आवृत्तीत पुन्हा लिहिली गेली, तीही ग्यॉटिंगेन येथे. ज्या नगरातून याकोब यांना तीन दिवसांत बाहेर घालविण्यात आले होते, तेथेच.

लेखनाच्या बाबतीत मात्र राष्ट्राने त्यांचे ऐकले नाही. १८८० मध्ये कोनराट डूडेन यांचा शुद्धलेखनकोश निघाला. १९०१ च्या बर्लिन परिषदेने देशी शब्दांतील 'टी'नंतरचा अनुच्चारित 'एच' काढून टाकला, तेवढ्यापुरती याकोब यांची एक इच्छा पुरी झाली. पण नामांचे मोठे आद्याक्षर कायम राहिले. शेजारच्या डेन्मार्कने ते १९४८ मध्ये सोडले. जर्मनांनी १९९६ च्या लेखनसुधारणेतही ते राखले. आज जर्मन शाळेतील मूल 'फ्रुख्ट' हा शब्द लहान 'एफ'ने लिहील, तर शिक्षक तो दुरुस्त करतात. ग्रिम यांच्या कोशाच्या पानांवर मात्र नंतरच्या संपादकांनीही त्यांचीच रीत १९६१ पर्यंत पाळली, आणि तेथे अवतरणांच्या ओळींतून तो शब्द लहान अक्षरानेच छापलेला आढळतो.